बडोद्याच्या दप्तरातलं बेट

बडोद्याच्या मराठी माणसाला आपल्या संस्थानाचा इतिहास सांगायला बसवलं, तर तो सुरसागर, रावपुरा, दांडिया बाजार, लक्ष्मीविलास इथून सुरू करतो आणि फार तर नवसारी, कडी, अमरेलीपर्यंत जाऊन थांबतो. त्यात समुद्र येत नाही. पण १८१७ ते १९४९ अशी एकशे बत्तीस वर्षं काठेवाडच्या पार वायव्य टोकाला असलेलं बेट द्वारका बडोद्याच्या अमलात होतं. तिथला वहिवाटदार (तालुक्याचा अधिकारी) बडोद्याचा, तिथला महसूल बडोद्याच्या खजिन्यात आणि तिथली भांडणं बडोद्याच्या दप्तरात. आज सौराष्ट्र मेल बडोद्यावरून जाते आणि तिचं शेवटचं स्टेशन ओखा आहे. ओख्याच्या समोर पाण्यात जे दिसतं ते हे बेट.

या बेटावर मराठीत जे काही लिहिलं जातं, ते बहुतेक दोनच वाटांनी जातं. एक देवळाची वाट, दुसरी इथल्या वाघेर जमातीच्या बंडाची. दोन्ही खऱ्या आहेत, पण त्यांनी बेटावर राहणारा माणूस कळत नाही. तो काय खात होता, कशावर पैसे मिळवत होता, परक्याच्या गलबताला का भारी पडत होता, हे कळायचं असेल तर सुरुवात पाण्यापासून करावी लागते. भरती-ओहोटीचं कोष्टक हातात नसताना बेट द्वारकेचा इतिहास लिहायला बसणं म्हणजे पंचांगाशिवाय मुहूर्त काढणं.

आधी जागा समजून घेऊ. ओखामंडळ, म्हणजे द्वारका आणि ओख्याचा मुलूख, हा भागच मुळात अर्धवट बेटासारखा होता. दक्षिण किनाऱ्यावरच्या मढीपासून कच्छच्या आखातावरच्या पिंडाऱ्यापर्यंत खाऱ्या रणाची पट्टी गेलेली आहे आणि तिनं हा तुकडा नवानगर (जामनगर) संस्थानाच्या मुलखापासून तोडलेला होता. त्या तुकड्याच्या टोकाला ओखा आणि ओख्यापलीकडे खाडी ओलांडून बेट. ते लांबीला तेरा किलोमीटरच्या आसपास आहे, पण रुंदी सगळीकडे सारखी नाही. पश्चिमेकडचा भाग खडकाळ आणि उंचवट्याचा आहे; वस्ती, किल्ला आणि देऊळ तिकडे. पूर्वेकडे ते निमुळतं होत वाळूच्या पट्टीत संपतं आणि त्या बाजूला दांडी हनुमानाचं मंदिर. भोवती प्रवाळाचे आणि खडकाचे सपाट थर आहेत. भरतीला ते पाण्याखाली असतात आणि उधाणाच्या ओहोटीला उघडे पडतात.

हे उघडं पडणं महत्त्वाचं. कच्छच्या आखातात दिवसातून दोनदा भरती येते. ओख्याला उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांत तीन मीटरहून जास्त फरक पडतो. आखात आत जाताना निमुळतं होतं, त्यामुळे कांडल्याला हाच फरक जवळजवळ दुप्पट होतो. एवढं पाणी सहा तासांत आत जायचं आणि सहा तासांत बाहेर यायचं, म्हणून तोंडाशी प्रवाह जबरदस्त असतो. कोकणातले लोक तिथीच्या पाऊणपटीनं भरतीची वेळ काढतात: अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास. मुंबईच्या आसपास हा हिशेब बऱ्यापैकी जमतो. पुढे गेलं की ठिकाणानुसार मिनिटं सरकतात, तेव्हा ओख्यासाठी छापील कोष्टकच पाहावं. पण तत्त्व तेच राहतं. अमावस्या-पौर्णिमेनंतर एखाद-दोन दिवसांनी उधाण सर्वांत मोठं असतं, त्या दिवसांत भरती दुपारी आणि मध्यरात्रीकडे येते आणि खडक उघडे पडतात ते सकाळी नि संध्याकाळी. अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत पाणी फारसं चढत नाही आणि फारसं उतरतही नाही, खडक झाकलेलेच राहतात. बेटावरच्या माणसाचा महिना या उधाण-भांगानं कापलेला होता. शंख वेचायचे दिवस कोणते आणि न वेचायचे कोणते, हे चंद्र ठरवायचा.

बेटाचं जुनं नाव शंखोद्धार. ते पुराणातल्या शंखासुराच्या कथेशी जोडतात आणि बेटावर शंख तलाव म्हणून जागाही दाखवतात. कथा ज्यानं त्यानं आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावी. शंखाचा धंदा मात्र कथेहून जुना असल्याचा पुरावा जमिनीत आहे आणि तो वर काढण्याचं मोठं काम बडोद्याच्याच लोकांनी केलं.

ओखामंडळात द्वारकेच्या ईशान्येला नागेश्वर म्हणून ठिकाण आहे. तिथे १९८० नंतरच्या दशकात महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागानं उत्खनन केलं. हेगडे, भान, सोनावणे, कृष्णन ही नावं त्या कामाशी जोडलेली आहेत. निघालं ते हडप्पा काळातलं शंखकामाचं गाव. घरं थोडी आणि शंखाची तोडमोड अपार. असं ठिकाण कसं वाचायचं हे एकदा समजलं, की कुठल्याही किनाऱ्यावरचा कचरा बोलू लागतो. म्हणून जरा थांबून सांगतो.

बांगडी ज्या शंखापासून होते तो जाड कवचाचा, आत मधोमध खांब असलेला शंख. जिवंत असताना त्याच्यावर तपकिरी साल असते, ती खरवडून काढली की खाली पांढरा. बांगडी करायची तर आधी वरचं टोक हातोडीनं फोडतात. मग तोंडाच्या बाजूनं अणकुचीदार हत्यार आत घालून आतला पडदा, म्हणजे एका वेढ्याला दुसऱ्यापासून वेगळं करणारी भिंत, ठोकून मोडतात आणि मधला खांब सुटा करून काढतात. आता हातात उरतं ते पोकळ, वाकडं नळकांडं. ते आडवं करवतीनं कापत गेलं की कडी निघतात. हडप्पा काळातली करवत काशाची, पातळ, वक्र धारेची होती. कापाच्या खुणा तपासणाऱ्या अभ्यासकांना ती बंगालच्या शंखाऱ्यांच्या पोलादी करवतीच्या तोडीची वाटली आहे. एका शंखातून चांगली कडी निघतात तीन ते पाच. मग वाळूच्या दगडावर आतून-बाहेरून घासायची. प्रत्येक कड्यात एक कमजोर जागा असते, जिथे शंखाचा वेढा पुढच्या वेढ्याला मिळतो. तिथे कारागीर बाणाच्या टोकासारखी खूण कोरायचा. जी जागा उणी दिसली असती ती त्यानं शोभेची केली. मोहेनजोदडोपासून धोलावीरापर्यंत शंखाच्या बांगड्यांवर ही खूण सापडते, आणि सुट्या तुकड्यावर ती दिसली तर तो तुकडा हडप्पा परंपरेतला असल्याची शक्यता दाट होते.

आता कचरा. फोडलेली टोकं, काढून टाकलेले खांब, तडकलेली पहिली कडी यांचा ढीग असेल आणि तयार बांगड्या थोड्या असतील, तर माल तिथे होत होता आणि बाहेर जात होता. उलट टोकं-खांब नाहीत आणि वापरलेल्या बांगड्यांचे तुकडेच आहेत, तर ते गाव गिऱ्हाईक होतं. नागेश्वर पहिल्या प्रकारचं. तिथे दुसरा एक काटेरी, रुंद तोंडाचा मोठा शंखही कापलेला सापडतो. त्याच्या पोटाच्या भागाच्या पळ्या करत.

बेटावर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सागरी पुरातत्त्व विभागानं १९८० च्या दशकापासून काम केलं. एस. आर. राव यांच्या नावानं ते लोकांना माहीत आहे. त्याआधी १९६३ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे अन्सारी आणि माटे यांनी द्वारकेत खणलं होतं. बेटाच्या किनाऱ्यावर उत्तर हडप्पा काळाची, म्हणजे हडप्पा संस्कृतीच्या शेवटच्या टप्प्यातली, भांडी मिळाली आणि शंखाचीच कोरलेली एक छोटी मुद्रा मिळाली, तिच्यावर तीन डोक्यांचा प्राणी आहे. हे अवशेष बरेचसे भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात आहेत, कारण समुद्र किनारा खात गेला आणि एके काळची कोरडी जमीन आता ओली झाली. द्वारकेबद्दल 'समुद्रात बुडालेली नगरी' एवढं एकच वाक्य लोकांच्या तोंडी बसलं, आणि बेटावरचं हे बारीक, चिकाटीचं काम त्याच्यामागे झाकलं गेलं. मला याचं वाईट वाटतं. तीन डोक्यांच्या प्राण्याची अंगठ्याच्या नखाएवढी मुद्रा ज्या माणसानं त्याच समुद्रातल्या शंखात कोरली, तो मला बुडालेल्या सोन्याच्या नगरीपेक्षा जास्त खरा वाटतो.

पाण्याखाली दगडी नांगरही भरपूर मिळाले. त्रिकोणी नांगराला तीन भोकं असतात: वरचं दोराचं, खालची दोन लाकडी खुंट्यांची. वाळूत रुतायचं काम खुंट्यांचं, जड राहायचं काम दगडाचं. दुसरा प्रकार लांबट खांबासारखा, खालच्या टोकाला काटकोनात दोन चौकोनी भोकं आणि वर दोराचं गोल भोक. हा खडकाळ तळावर चांगला अडकतो, पण तिथेच फसतोही. खुंटी खडकाच्या फटीत गेली की दोर कापून नांगर सोडून द्यावा लागतो. म्हणून ज्या जागी नांगर पुष्कळ सापडतात ती जागा गलबतं फुटण्याची असेलच असं नाही. ती पुष्कळदा गलबतं वर्षानुवर्षं थांबण्याची असते. असे नांगर नवव्या शतकापासून पुढे बराच काळ वापरात होते, तेव्हा नुसता नांगर पाहून शतक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

संस्थानी काळात शंखाकडे सरकारचं लक्ष गेलं ते सयाजीरावांच्या वेळी. १९०५-०६ मध्ये जेम्स हॉर्नेल या समुद्रजीवांच्या अभ्यासकाला बडोदे सरकारनं ओखामंडळात बोलावलं आणि त्याचा अहवाल १९०९ आणि १९१६ असा दोन भागांत निघाला. तमिळ किनाऱ्यावर शंखासाठी पाणबुडे बुडी मारतात. इथे मात्र उधाणाच्या ओहोटीला उघड्या खडकावर चालत जाऊन हातानं वेचायचे, आणि हे काम वाघेरांचं. शंख जिवंत असेल तरच माल चांगला. मेलेल्या, लाटांत लोळलेल्या शंखाला बारीक भोकं पडतात, एक स्पंज त्याला पोखरतो, आणि करवत चालली की कडं त्या भोकाशी तुटतं. जिवंत शंखाचं मांस कुजवून काढायचं आणि कवच धुऊन बंगालकडे पाठवायचं, कारण सौभाग्याची शंखाची बांगडी तिकडे लागते. काठेवाडच्या खडकावर वाकलेला वाघेर आणि ढाक्यातली नवरी, हा धागा बडोद्याच्या महसूल खात्यातून गेला होता.

हॉर्नेलनं इथल्या उथळ खाड्यांमधल्या चपट्या, काचेसारख्या शिंपल्यांकडेही लक्ष वेधलं. गोव्यात आणि दक्षिण कोकणात जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी जे शिंपले बसवलेले दिसतात, तेच हे. त्यांच्यात मोती निघतात ते राईएवढे आणि निस्तेज, दागिन्याच्या नाही, औषधाच्या कामाचे. हे शिंपले चिखलात थरानं राहतात. एका मोसमात थर ओरबाडून काढला की पुढची काही वर्षं काहीच हाती लागत नाही. ही मासेमारी नेहमी अशीच तुटक चालते, त्याचं कारण हे.

आता कायदा बदलला आहे. कच्छच्या आखातात १९८० मध्ये सागरी अभयारण्य आणि १९८२ मध्ये देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान झालं. काचशिंपला वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आला. यात्रेला गेलेल्या माणसानं खडकावरचं काहीही पिशवीत घालू नये. आणि दुकानात 'दक्षिणावर्ती' म्हणून हजारोंच्या किमतीला जे दाखवतात, त्याच्या तोंडात बोट घालून पाहावं. खऱ्या शंखाच्या आतल्या खांबावर तीन-चार ठसठशीत वळ्या बोटाला लागतात. अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा एक वेगळाच प्राणी जन्मजात याच वळणाचा असतो (शास्त्रज्ञ त्याला डावं वळण म्हणतात). त्याचा खांब गुळगुळीत असतो. बाजारातला बराचसा 'दुर्मीळ' माल तोच.

देवळाकडे आणि सत्तेकडे आता वळतो. बेटावर आणि जवळच्या आरंभड्याला वाढेल राजपुतांची सत्ता होती, आणि द्वारकेकडे माणेक घराण्यातल्या वाघेरांची. उत्पन्न दोन: यात्रेकरूंवरचा कर आणि समुद्रावरची लूट. लुटीला नुसतं दुष्टपण म्हणून सोडून दिलं तर ती शतकानुशतकं का चालली हे कळत नाही. सिंध, होर्मुझ आणि मस्कतकडून खंबायतकडे जाणारं गलबत या टोकाजवळूनच जायचं. स्थानिक होड्या उथळ बुडाच्या, त्यांना खडकांच्या मधल्या गल्ल्या ठाऊक. पाठलाग करणारं मोठं गलबत ओहोटीत खडकावर बसायचं. १४७३ मध्ये मौलाना महमूद समरकंदी यांचं गलबत लुटलं गेलं, ते फिर्याद घेऊन गुजरातचा सुलतान महमूद बेगडा याच्याकडे गेले आणि सुलतानानं द्वारका आणि नंतर बेटही घेतलं. तिथला राजा भीम पकडला गेला आणि त्याला अहमदाबादेत ठार केलं. पण सुलतानाची फौज गेल्यावर पाणी तेच राहिलं आणि धंदाही राहिला. १८०७ च्या सुमारास बडोद्याचा इंग्रज रेसिडेंट कर्नल वॉकर यानं इथल्या ठाकोरांकडून लूट न करण्याचे करार लिहून घेतले, तेही टिकले नाहीत. १८१६ मध्ये इंग्रजांनी फौज घालून ओखामंडळ घेतलं आणि पुढच्याच वर्षीच्या तहात गायकवाडांना दिलं. आनंदराव गादीवर होते, कारभार फत्तेसिंगरावांकडे. द्वारका आणि बेट ही यात्रेची ठिकाणं आपल्या हातात असावीत ही बडोद्याची इच्छा होती आणि इंग्रजांना एक कटकटीचा किनारा दुसऱ्याच्या गळ्यात बांधायचा होता.

इथून पुढचा इतिहास बडोद्याच्या दप्तरात आहे, आणि इथेच आपल्या मराठी लोकांवर जबाबदारी येते. जुने कागद मराठीत, मोडीत. पुढे गुजराती वाढली, वार्षिक अहवाल इंग्रजीत. गुजराती संशोधकाला मोडी अडते, आणि मराठी माणसाला ओखामंडळाचं काही पडलेलं नसतं. मग हे कागद कोण वाचणार?

वाचायला बसणाऱ्यानं पहिली गाठ तारखेची सोडवावी. मोडी कागदावर साल पुष्कळदा अरबी शब्दांत, सुहूर सनात असतं. 'समान अशर मयातैन व अलफ' असं दिसलं तर एकक, दशक, शतक, सहस्र या क्रमानं जोडायचं: आठ, दहा, दोनशे, हजार, म्हणजे १२१८. सुहूर सन मृगाला, जूनच्या सुरुवातीला बदलतो. म्हणून जून ते डिसेंबरच्या कागदाला ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मेच्या कागदाला ६००. १२१८ म्हणजे १८१७-१८, तहाचं साल. महिना चांद्र मुसलमानी, त्याआधी 'छ' लिहून चंद्राची तारीख. इथपर्यंत पुण्याच्या कागदांसारखंच.

बेटाचा घोटाळा पुढे आहे. स्थानिक कागदावर विक्रम संवत असतो. गुजरातेत संवत कार्तिकात बदलतो हे आपल्याला बडोद्यात दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी दरवर्षी दिसतं. पण हालार (जामनगरचा मुलूख) आणि कच्छच्या बाजूला संवत आषाढात बदलतो. म्हणजे आषाढापासून दिवाळीपर्यंतच्या चार महिन्यांत एकाच दिवसाला बडोद्यात एक संवत आणि तिकडे पुढचा. बेटावरच्या व्यापाऱ्याचा अर्ज आणि त्यावरचं बडोद्याचं उत्तर यांत वर्षाचा फरक दिसला, की वाचणारा म्हणतो, सरकारनं वर्षभर अर्ज दाबून ठेवला. खरं तर उत्तर पंधरा दिवसांत गेलेलं असू शकतं. आधी महिना पाहायचा, मग संवत, आणि दोन्ही कागदांची तिथी इसवी सनात उतरवल्याशिवाय दिरंगाईचा आरोप करायचा नाही.

दुसरी अडचण नावांची. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द सुटे नाहीत, सगळं एका ओळीखाली टांगलेलं. आणि कारकून बडोद्याचा, त्यानं काठेवाडी नाव कानाला लागलं तसं लिहिलेलं. त्यात घराण्यात नावं फिरून येतात. मुळू माणेक हे नाव १८२० च्या उठावात येतं आणि १८५८ नंतरच्या बंडातही. मधे पिढ्या आहेत. बापाचं नाव आणि गाव हे दोन्ही जुळल्याशिवाय दोन कागदांतला माणूस एकच आहे असं धरू नये.

१८५९ ची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती गुजरातीत पुष्कळ सांगितली गेली आहे. नेमणुका (ठरलेले भत्ते) आणि कारभार यांवरून वाघेर गायकवाडांवर खवळलेले होतेच. उत्तरेतल्या १८५७ च्या उठावाच्या बातम्या आल्या आणि जोधा माणेक, मुळू माणेक यांच्यामागे लोक उभे राहिले. द्वारका आणि बेट त्यांनी घेतलं. ऑक्टोबर १८५९ मध्ये इंग्रजांचं आरमार आणि कर्नल डोनोव्हनची फौज बेटावर आली, जहाजांवरून तोफा चालल्या, किल्ल्यावर हल्ला केला तो परतवला गेला. त्यानंतर रात्रीतून वाघेर निघून गेले आणि किल्ला रिकामा सापडला. आरमारानं वेढलेल्या बेटावरून सशस्त्र माणसं रात्रीत निघून कशी जातात, हा प्रश्न फार कोणी विचारत नाही. त्या दिवसांची तिथी, ओहोटीची वेळ आणि खाडीतल्या उथळ वाटा एकत्र ठेवून तपासता येईल असा तो प्रश्न आहे, आणि कुणीतरी तो हाती घ्यावा. तोफांनी देवळांची नासधूस झाली. आज बेटावरचं द्वारकाधीशाचं मंदिर शिखराचं नाही, वाड्याच्या घडणीचं आहे. तिथे देव राहतो, अशी त्याची मांडणी. जोधा १८६० मध्ये वारला, मुळू १८६८ मध्ये मारला गेला. बडोद्याच्या खंडेराव महाराजांची ही कारकीर्द. आपल्या राजाच्या बाजूनं लिहिलेले कागद वाचताना समोरच्या बाजूनं कागदच नाहीत हे सतत ध्यानात ठेवावं लागतं. त्यांच्याकडे दुहे आणि रासडे (लोकांच्या तोंडची कवनं आणि गाणी) आहेत, ते पुरावा म्हणून वापरायला शिकावं.

ओखा बंदर १९२६ मध्ये सुरू झालं. किनाऱ्याला लागून खोल पाणी आणि समोर बेटाचा आडोसा, त्यामुळे पावसाळ्यातही जहाज लागतं. बंदराला जो आसरा मिळाला तो बेटानं दिला. व्यापार मात्र ओख्याला गेला आणि बेटाकडे यात्रा आणि मासेमारी उरली. काठेवाडच्या बंदरांतून माल आत येतो म्हणून इंग्रज सरकारनं १९२७ मध्ये काठेवाडच्या वेशीवरची विरमगामची जकात नाकेबंदी परत बसवली, यावरून ही बंदरं मुंबईला किती खुपत होती ते कळतं. शेजारी मिठापूरला मिठाचं काम उभं राहिलं आणि १९३९ मध्ये टाटांचा रसायनांचा कारखाना आला. कमी पाऊस, कोरडा वारा, सपाट खारी जमीन: शेतीला जे मारक तेच मिठाला पोषक.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात गेलं. ओखामंडळ पुढे जामनगर जिल्ह्यात आलं आणि १५ ऑगस्ट २०१३ पासून देवभूमी द्वारका हा वेगळा जिल्हा झाला. म्हणजे एकाच घराच्या जमिनीचे कागद शोधायचे तर १९४९ पूर्वीचे बडोद्याकडे, नंतरचे जामनगरकडे, आणि अलीकडचे खंभाळियाला, नव्या जिल्ह्याच्या ठाण्याला. साखळी तुटते ती नेहमी या सांध्यांवर. आधी सर्व्हे नंबर कधी बदलले ते पाहावं, मग मालक.

२५ फेब्रुवारी २०२४ ला सुदर्शन सेतू खुला झाला. २.३२ किलोमीटर, चार पदरी, मधला ९०० मीटर भाग दोरखंडांवर तोललेला, दोन्ही बाजूंना अडीच मीटरच्या पायवाटा. बेटावरच्या आजारी माणसाला आता रात्री-अपरात्री होडीची वाट पाहावी लागत नाही. ही गोष्ट एवढी मोठी आहे की पुलाबद्दल हळहळण्याचा अधिकार बाहेरच्या माणसाला नाही. पण फेरीबोटींचा धंदा बसला, आणि त्याबरोबर एक ज्ञान निघून चाललं आहे. ते आत्ताच लिहून घ्यायला हवं.

खाडी ओलांडणं सरळ काम नव्हतं. प्रवाह आडवा असतो, म्हणून नाळ (होडीचं पुढचं टोक) समोरच्या धक्क्यावर धरली तर होडी धक्क्याच्या खाली वाहून जाते. प्रवाहाच्या वर कुठे धरायची, किती धरायची, हे तांडेल (होडीचा प्रमुख) तिथी आणि वेळ पाहून ठरवायचा. सर्वांत वाईट वेळ भरती-ओहोटीच्या मधली, तीही उधाणाची. आणि पावसाळ्याच्या तोंडाला नैर्ऋत्येचा वारा आखातात शिरत असताना ओहोटीचं पाणी त्याच्या विरुद्ध बाहेर येतं, तेव्हा लाट आखूड आणि उभी होते. त्या वेळी भरलेली होडी सोडायची नाही. हे कुठल्या कोष्टकात नाही, माणसांच्या डोक्यात आहे.

विचारायला जाणाऱ्यानं 'पूर्वी कसं होतं?' असं विचारू नये. उत्तर 'चांगलं होतं' एवढंच येतं. शिडाची होडी शेवटची कुणाची होती, इंजिन प्रथम कुणी बसवलं, पाणी कुठल्या विहिरीचं प्यायचं आणि ती खारी कधी झाली, असं विचारावं. साल विचारू नये, आधाराला घटना द्यावी: पाकिस्तानी आरमारानं द्वारकेवर तोफा डागल्या ती सप्टेंबर १९६५ ची रात्र, जून १९९८ चं वादळ, २६ जानेवारी २००१ चा भूकंप. त्याच्या आधी की नंतर, एवढं विचारलं की माणूस नेमकं सांगतो. गुगळी ब्राह्मण, लोहाणा, खारवा, वाघेर, भडेला, सगळ्यांकडे जावं. देवळाच्या रांगेतून एक बेट दिसतं आणि मच्छी सुकवायच्या ओट्यावरून दुसरं. बायकांना वेगळं विचारावं, कारण शंख-शिंपले, पाणी आणि सुकी मासळी यांचा हिशेब त्यांच्याकडे असतो. शब्द त्यांचेच लिहावेत, कच्छी वळणाचे, आपल्या मराठीत लगेच फिरवू नयेत. ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला तारखेबरोबर तिथी आणि त्या दिवसाची भरतीची वेळ बोलून ठेवावी, आणि खडक, वाट किंवा धक्क्याची जागा सांगणाऱ्यानं बोट दाखवून सांगितली असेल तर तो फोटो त्याच पातळीच्या ओहोटीला परत काढावा. भरतीत काढलेल्या फोटोवर ती जागा पुढच्याला सापडणार नाही. एक प्रत बेटावरच्या शाळेत ठेवावी, एक बडोद्याला, मोडी कागदांच्या शेजारी.